फोन घरी राहिला तर?

वाचकाचं पत्र:

भाऊ, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून 22 किलोमीटर. यांची शेती आणि कृषी केंद्र आहे. यंदा इलेक्ट्रिक कार घ्यायचं पक्कं केलं. कंपनी ठरली, पण मॉडेलावर घोडं अडलं. खालच्या मॉडेलात लहान स्क्रीन आहे, वायरने फोन जोडला की अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय) चालतं, एवढंच. वरच्यात भली मोठी स्क्रीन, कंपनीचा स्वतःचा नकाशा, गाडीतच सिम, मोबाईलवरून एसी सुरू करायची सोय. फरक सव्वा लाखाचा. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत. ते म्हणतात, "वहिनी, फोन जोडणं आता जुनं झालं, टेस्ला तर देतच नाही. पुढे सगळं गाडीतच येणार." यांचं म्हणणं, खिशात नकाशा असताना दुसरा विकत कशाला घ्यायचा? आणि मामाजी विचारतात, "फोन घरी राह्यला तं गाडी चालन का नाही?" मामाजी म्हणजे माझे सासरे, साधा बटणाचा फोन वापरतात, ट्रॅक्टर आणि जुनी जीप दोन्ही चालवतात. सगळे हसले, पण उत्तर कोणालाच देता आलं नाही. गाडी आम्ही तिघंही चालवणार. रोजची शाळा, अधूनमधून नागपूर, कधी चिखलदरा, जमलं तर दिरांकडे पुणे. शोरूमवाले म्हणतात, पोळ्याच्या आत बुकिंग करा, नंतर भाव वाढेल. काय करावं?

*

ताई, तुमच्या घरात सगळ्यात कामाचा प्रश्न मामाजींनी विचारला आहे. दिरांना स्क्रीन दिसते, यांना पैसे दिसतात. मामाजींना दिसते ती ऐनवेळी वावरातून दवाखान्यात न्यावी लागणारी गाडी. त्यांना आधी सरळ उत्तर देऊन टाका: हो, चालते. किल्ली हातात असली की गाडी सुरू होते, पुढे-मागे जाते, एसी, दिवे, वायपर चालतात, बॅटरी किती टक्के उरली ते स्टिअरिंगमागच्या पाटीवर दिसतं आणि घरच्या सॉकेटवर चार्जही होते. यातल्या कशालाच फोन लागत नाही. फोन अडतो तो एकाच ठिकाणी, रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर. त्याबद्दल पुढे बोलतो.

पण प्रश्न तेवढ्यावर सोडू नका. गाडीत जे जे आहे त्याला हाच प्रश्न लावून पाहा. फोन नाही, टॉवर नाही, गाडीतल्या ऑनलाइन सोयींसाठीची कंपनीची वर्गणी संपली आहे, तेव्हा यातलं काय चालतं? जे चालायलाच हवं ते गाडीत पक्कं असलं पाहिजे, त्याचे पैसे मोजा. नकाशा, गाणी, फोन घेणं, निरोप वाचून दाखवणं या गोष्टी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. त्या फोनवर सोडा.

आता दिरांचं म्हणणं. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. टेस्लाने आजवर गिऱ्हाईकांना कारप्ले (आयफोनसाठीची तशीच सोय) किंवा अँड्रॉइड ऑटो दिलेलं नाही, हे खरं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनेही 2023 मध्ये जाहीर केलं की आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांतून फोन जोडायची सोय काढणार. त्यांनी दिलेलं कारण असं: नकाशा गाडीतलाच असेल तर त्याला बॅटरी कळते, वाटेतले चार्जर कळतात आणि सगळं एकमेकांशी बोलतं. वर्गणीतून कमाई वाढवायचा हिशेबही त्या कंपनीने कधी लपवलेला नाही. त्या नव्या पद्धतीची पहिली गाडी ब्लेझर ईव्ही बाजारात आली आणि सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे डिसेंबर 2023 मध्ये तिची विक्रीच काही काळ थांबवावी लागली. पुढे ती दुरुस्त होऊन पुन्हा विकायला लागली, म्हणजे गाडी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण फोन जोडायची सोय काढली की त्या स्क्रीनमधल्या प्रत्येक बिघाडासाठी तुम्ही कंपनीच्या दारात उभे. दीर पुण्यात आहेत, त्यांना सर्व्हिस सेंटर पाच मैलांवर. तुमचं यवतमाळला किंवा अमरावतीला.

इथे शोरूममध्ये हमखास गल्लत होते म्हणून सांगतो. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (दोन्ही 2014 मध्ये पुढे आले) यात सगळं काम तुमचा फोन करतो, गाडीची स्क्रीन फक्त दाखवते आणि तुमच्या बोटाचा स्पर्श फोनला कळवते. त्याच्याच नावाशी मिळतंजुळतं अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह नावाचं वेगळं प्रकरण आहे. ते गाडीच्या आत बसवलेलं असतं, 2020 च्या पोलस्टार 2 या इलेक्ट्रिक गाडीत पहिल्यांदा आलं, आणि त्याला फोन लागत नाही. सेल्समन "गूगल आहे ना मॅडम" म्हणाला की विचारा, फोनमधलं की गाडीतलं? त्यालाच माहीत नसेल तर फोन पूर्ण बंद करून नकाशा उघडायला सांगा. लगेच उलगडा होतो.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती वयाची. शहरातला माणूस पाच वर्षांत गाडी विकतो. आपल्याकडे जीप पंधरा वर्षं चालते आणि मग मेहुणा ती घेऊन आणखी पाच चालवतो. फोन मात्र आपण तीन-चार वर्षांत बदलतोच. फोन जोडणाऱ्या गाडीत नवा फोन लावला की नकाशा नवा, वेग नवा, सगळं नवं. आत बसवलेल्या यंत्रणेत ज्या दिवशी गाडी घेतली त्या दिवसाचीच चिप आणि तेवढीच मेमरी, शेवटपर्यंत. 2012 ते 2018 च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या टेस्लाच्या काही मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत स्क्रीनच्या संगणकात 8 जीबीची मेमरी चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहून लिहून ती झिजली, काही वर्षांत स्क्रीन काळी पडू लागली, आणि तिच्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि काचेवरची वाफ घालवायची बटणंही गेली. 2021 मध्ये अमेरिकेत साधारण 1 लाख 35 हजार गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. मोटर ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, आणि गाडी वर्कशॉपात.

निसानच्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीचं वेगळंच झालं. ब्रिटनमध्ये 2016 च्या आधीच्या लीफ गाड्यांचं मोबाईल ॲप 1 एप्रिल 2024 ला बंद झालं, कारण गाडीतलं सिम 2जी वर चालायचं आणि तिकडे 2जी गुंडाळायला घेतलं होतं. गाडी धावते, चार्ज होते, गाडीतल्या स्क्रीनवरून वेळ लावता येते. मोबाईलवरून एसी लावणं मात्र कायमचं गेलं. तुम्हाला सव्वा लाखात जी सोय दाखवली जाते आहे, ती हीच.

या मोबाईलवरच्या एसीचा मोह मला कळतो हो. मे महिन्यात शाळा नसली तरी मार्च-एप्रिलचं ऊन आहेच, दुपारी शाळा सुटल्यावर गाडीचं दार उघडलं की भट्टीच. पण ती सोय कशी चालते ते पाहा. तुम्ही फोनवर बटण दाबता, निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो, तिथून गाडीतल्या सिमला, मग एसी. म्हणजे तुमच्या फोनला टॉवर हवा आणि गाडीच्या सिमलाही हवा. तुमच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं असतील, एकाचा टॉवर गेला तर दुसऱ्यावर भागतं. गाडीतलं सिम मात्र सहसा कंपनीने ठरवलेल्या एकाच नेटवर्कचं. त्या नेटवर्कचा टॉवर तुमच्या शाळेच्या आवारात येतो का, हा प्रश्न स्क्रीनच्या इंचांपेक्षा मोठा आहे. येत नसेल तर ती सोय तुमच्यासाठी फक्त जाहिरातीत आहे.

उन्हाचा दुसरा भाग मात्र फोनच्या विरोधात जातो, आणि तो लपवणं बरोबर नाही. ॲपल आपल्या आयफोनबद्दल स्वतःच सांगते की तो 0 ते 35 अंशांत वापरावा आणि 45 अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवूच नये, उभ्या गाडीत तर सोडूच नये. इतर फोनांचंही फारसं वेगळं नसतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सावलीतच पारा 44-45 ला टेकतो. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन नकाशा चालवता चालवता तापतो, त्याची स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि शेवटी तो हात टेकतो. त्यात वायरलेस जोडणी असेल तर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही सतत चालू. वरच्या मॉडेलात वायरलेस चार्जिंगची पाटी असेल तर तिची उष्णता वेगळी. म्हणून खालच्या मॉडेलात "फक्त वायर" आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या भागात वायरच बरी. फोन एसीच्या हवेत खालच्या खणात ठेवा, केबल लावा, मोकळे व्हा. केबल मात्र डेटा केबल घ्या. नाक्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलने बऱ्याचदा नुसतं चार्जिंग होतं आणि मग लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर जोडणी तुटायला लागली तर आधी फोन बंद करून त्याच्या चार्जिंगच्या तोंडात लाकडी टूथपिक हळूच फिरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथे तंतू आणि धूळ गच्च बसलेली असते.

वायरचा आणखी एक फायदा तिघं गाडी चालवणार असल्यामुळे आहे. वायरलेस जोडणीत तुम्ही आवारात गाडी सुरू करता आणि ओसरीवर चहा पीत बसलेल्या यांचा फोन गाडीला जाऊन चिकटतो. मग यांच्या गिऱ्हाईकाचा फोन तुमच्या गाडीत वाजतो. वायरीत ज्याने जोडला त्याचा, भांडण नाही. मामाजी काहीच जोडणार नाहीत, तरी त्यांना रेडिओ लागेल आणि बॅटरीचे टक्के दिसतील. त्यांना रोजच्या फेऱ्यांत याहून जास्त लागत नाही. तुमच्या वावराकडच्या पांदणीचा नकाशा कोणत्याही कंपनीकडे नसतो आणि त्यांना लागतही नाही.

आता गाडीतल्या यंत्रणेची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर दीर म्हणतील भाऊंनी एकतर्फी लिहिलं. लांबच्या प्रवासात गाडीतला नकाशा खरोखर सरस ठरू शकतो, कारण फोनला अंतर माहीत असतं पण गाडीची बॅटरी सहसा माहीत नसते. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. 100 ऐवजी 120 ने गेलात तर हवेचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो, आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. फोनमधला नकाशा तुम्हाला फक्त "वीस मिनिटं लवकर पोचाल" एवढंच सांगतो. बॅटरीशी जोडलेला गाडीतला नकाशा सांगतो की पोचताना 9 टक्के उरतील, आधी अमुक ठिकाणी थांबा. काही गाड्यांत तो वाटेतच बॅटरीचं तापमान फास्ट चार्जिंगसाठी तयार करून ठेवतो. दर आठवड्याला नागपूर-मुंबई करणाऱ्या माणसाला मी म्हणेन, ही सोय घ्या, पैसे वसूल होतील. फक्त एक पाहून घ्या, तुम्हाला दाखवलेल्या मॉडेलातला नकाशा बॅटरी वाचतो का, की नुसताच मोठ्या स्क्रीनवरचा नकाशा आहे. नुसताच असेल तर त्याचे सव्वा लाख कोणीही देऊ नयेत.

तुमचं चालणं मात्र वेगळं आहे. शाळेचं जाणं-येणं 44 किलोमीटर. लहान इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सात-आठ किलोमीटर जाते असं धरलं तर रोजची सहा युनिटं. घरच्या चार्जरवर दोन तासांचं काम. यात नकाशाला विचारण्यासारखं काही नाही. नागपूर तुमच्याकडून जवळपास दोनशे किलोमीटर. कंपनी कागदावर जो आकडा देते त्याचा साधारण दोन-तृतीयांश तुमच्या हातात आहे असं समजा, वर 20 टक्के शिल्लक ठेवा, आणि जातानाचा चार्जर आदल्या दिवशीच हेरून ठेवा. हे गणित पाचवीच्या पोरांना घालता तसंच आहे.

चिखलदऱ्याला निघण्याआधी घरच्या वायफायवर गूगल मॅपमध्ये अमरावती ते मेळघाटाचा भाग उतरवून ठेवा. घाटात टॉवर गेला तरी रस्ता दिसत राहतो. वाहतुकीची कोंडी कळत नाही, पण तिथे ती सहसा रस्त्यावर बसलेल्या गुरांचीच असते. घाट चढताना टक्के भराभर उतरतील, घाबरू नका. उतरताना गाडी थोडी वीज परत भरून घेते.

पुण्याचं पाहता वाटेत दोन-तीनदा तरी फास्ट चार्जिंग लागेल, आणि इथे मामाजींच्या प्रश्नाचा राहिलेला भाग येतो. आपल्याकडचे बहुतेक सार्वजनिक चार्जर ज्या त्या कंपनीच्या मोबाईल ॲपवरून सुरू होतात, पैसेही तिथूनच कापले जातात. गाडीतली यंत्रणा कितीही भारी असो, चार्जरपुढे उभं राहिल्यावर फोन खिशातून काढावाच लागतो, त्यात चार्ज हवा आणि टॉवरही हवा. काही कंपन्या टेकवायचं कार्ड देतात, ते मिळालं तर घेऊन गाडीतच ठेवा. निघण्याआधी दोन-तीन कंपन्यांची ॲपं उतरवून, नोंदणी करून, थोडे पैसे भरून ठेवा. महामार्गावर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट पाहणं फार वाईट. मामाजींना एकट्याने पुण्याला पाठवू नका, एवढाच त्याचा अर्थ.

तर माझं मत खालच्या मॉडेलाचं. दोन अटींवर. पहिली, त्यात मागचा कॅमेरा हवा. आवारात लेकरं, कोंबड्या, वासरं असतात. नसेल तर मधलं मॉडेल पाहा, पण वरचं नको. दुसरी, एसीचं तापमान आणि पंखा यांना हाताला लागणारी बटणं हवीत. मोठ्या स्क्रीनच्या नादात बऱ्याच कंपन्यांनी तीही स्क्रीनमध्ये कोंबली आहेत. युरोपातल्या युरो एनकॅप या गाडी-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीचं बटण यांना खरी बटणं नसतील तर पूर्ण तारे न देण्याचं धोरण घेतलं आहे. त्यांच्या यादीत एसी नाही, कारण त्यांनी अकोल्याचा मे पाहिलेला नाही. मामाजींसाठी ती यादी तुम्ही वाढवा.

वाचलेल्या पैशातले थोडे घरच्या जोडणीवर खर्च करा. 15 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड वायर आणि नीट अर्थिंग. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्जच घेत नाहीत आणि रात्री अकराला तुम्ही शोरूमला फोन लावत बसता. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, म्हणून चार्जिंगची वेळ रात्री उशिराची लावा. ही वेळ गाडीतल्याच पडद्यावरून लावता येते का, की त्यासाठीही मोबाईल ॲप लागतं, हे आधी विचारा. ॲप लागत असेल तर तो त्या गाडीचा मोठा उणेपणा मी मानेन.

राहिली पोळ्याची घाई. ती शोरूमची, तुमची नाही. बुकिंगच्या आधी एक दिवस दुपारी बाराला दोन्ही मॉडेलं चालवायला मागा, आणि यवतमाळच्या चौकाला फेरी न मारता गाडी थेट तुमच्या शाळेपर्यंत घेऊन जा. तिथे आवारात उभी करून वरच्या मॉडेलाचा एसी फोनवरून लावून दाखवायला सांगा. गाडीशी बोलायची सोय असेल तर पुस्तकी भाषा सोडून तुम्ही घरी बोलता तशी वऱ्हाडीत बोला, किती कळतं ते दिसेल. मग फोन विमान मोडवर टाका, मामाजींना चालवायला बसवा आणि काही न सांगता एसी वाढवायला सांगा. वर्गणी किती वर्षांनी सुरू होते, वर्षाला किती, आणि ती न भरल्यास नेमकं काय काय बंद पडतं, नकाशाही बंद पडतो का, हे शोरूमच्या कागदावर लिहून शिक्का मारून घ्या. एवढ्या लांब गाडी न्यायला ते तयार नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नका. पोळ्यानंतर दसरा आहे, त्यानंतर दिवाळी, आणि गाड्या विकणाऱ्यांना प्रत्येक सणाला गिऱ्हाईक लागतंच.